अक्षरातील ठिपक्यांचे वर्तुळ: लिनक्सवर आलेल्या एका वाचनालयाच्या संकेतस्थळाची तपासणी

कोकणातील एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या कार्यालयातील संगणक बरीच वर्षे विंडोज ७ वर चालत होते. त्या प्रणालीचा अधिकृत आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला होता, आणि ब्राउझरही त्याहून जुन्या काळातला, कधीही अद्ययावत न केलेला होता. कार्यकारिणीने अखेर हे संगणक लिनक्स मिंट या मुक्त प्रणालीवर नेण्याचे ठरवले. छपाईयंत्र, बारकोड वाचक, देवघेवीच्या नोंदी असे सारे काही पहिल्याच फेरीत मार्गी लागले आणि मग वाचनालयाचे संकेतस्थळ उघडले गेले. लेखकसूचीत जेथे जेथे 'अॅड.' असे होते तेथे अ नंतर ठिपक्यांचे एक पोकळ वर्तुळ उमटले आणि चंद्र त्या वर्तुळाच्या डोक्यावर जाऊन बसला. 'आॅलिंपिक'चीही तीच गत झाली होती. ग्रंथपाल बाईंचे निदान तयार होते: "लिनक्समध्ये मराठी फाँट नीट नाही हो, सर." या लेखातही असे शब्द मुद्दाम त्याच चुकीच्या रूपात लिहिले आहेत, त्यामुळे वाचकांनाही बहुधा तेच वर्तुळ दिसत असेल.

हे निदान स्वाभाविक होते आणि बहुतेक जण येथूनच भलत्या वाटेला लागतात. फाँट पुन्हा बसवले जातात, फाँटांचा साठा ताजा केला जातो, ब्राउझरच्या पसंतीत देवनागरीसाठी लोहितऐवजी नोटो निवडला जातो, आणि तरीही वर्तुळ जागचे हलत नाही. या प्रकरणात फाँट बदलून पाहण्याचा एक फायदा मात्र झाला. लोहितमधले वर्तुळ आणि नोटोमधले वर्तुळ यांचा आकार आणि ठिपक्यांची जाडी वेगवेगळी होती. याचा अर्थ वर्तुळ त्या त्या फाँटातूनच येत होते. अक्षर सापडत नाही म्हणून दाखवला जाणारा रिकामा चौकोन हा नव्हे. कोणीतरी फाँटाला 'येथे वर्तुळ काढ' असे सांगत होते आणि फाँट ते निमूटपणे काढून देत होता. तोच शब्द मजकूर-संपादकात आणि लिबरऑफिसमध्ये चिकटवून पाहिला, तर वर्तुळ तेथेही हजर. म्हणजे दोष ब्राउझरचाही नव्हता.

लिनक्सच्या डेस्कटॉपवर देवनागरी अक्षरांची जुळणी बहुतांशी हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार प्रोग्रॅम-संच, करते. कोणत्या अक्षराची मात्रा कोठे बसवायची, ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी कसा आणायचा, जोडाक्षर कोणते घ्यायचे, हे ती फाँटातील नियम वाचून ठरवते. फायरफॉक्स आणि क्रोम याच लायब्ररीवर अवलंबून आहेत, अँड्रॉइडही आहे, आणि लिबरऑफिसने २०१७ साली आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर तीच स्वीकारली. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये हार्फबझ एक पडताळणी करते: एखाद्या स्वराला अशी मात्रा जोडलेली असेल की दिसायला ते दुसऱ्याच स्वतंत्र स्वराक्षरासारखे होईल, तर ती दोहोंच्या मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ घालते. दोन वेगवेगळे संकेत पडद्यावर हुबेहूब सारखे दिसू लागले, तर खोटे पत्ते आणि खोटी नावे खपवणे सोपे जाते, आणि शोध व अनुक्रम यांचाही बोजवारा उडतो. तेव्हा वर्तुळ हा बिघाड नसून इशारा होता. जुन्या संगणकावरील जुन्या ब्राउझरमध्ये ही पडताळणी नव्हती, म्हणून तेथे सारे आलबेल दिसत होते. खरी गंमत पुढे कळली: फोनवरून सूची पाहणाऱ्या सभासदांना हे वर्तुळ पूर्वीपासूनच दिसत होते. त्यांनी ते मुकाट्याने सोसले, आणि दोष मात्र नव्याने आलेल्या लिनक्सच्या माथी आला.

एकच अक्षर, तीन वेषांत

प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक मानकात ॲ या अक्षरासाठी यू+०९७२ हे स्वतंत्र स्थान आहे, पण ते २००८ साली आलेल्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. तोवर मराठी लिहिणाऱ्यांपुढे दोनच मार्ग होते. एक म्हणजे अ लिहून त्यावर चंद्र देणे, म्हणजेच यू+०९०५ आणि यू+०९४५ ही जोडी. दुसरा म्हणजे हिंदीच्या पद्धतीचा ऍ, म्हणजे यू+०९०डी, वापरणे. पहिल्या मार्गाने लिहिलेले अक्षर दिसायला अगदी बरोबर असल्यामुळे तो रुळला आणि स्वतंत्र स्थान मिळाल्यानंतरही बोटांची सवय गेली नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत अधिकृत जागा दिली. कळफलकांवरची आणि लोकांच्या हातांतली जुनी पद्धत तरीही चालूच राहिली. युनिकोडच्या मानकात याबाबत संदिग्धता नाही. स्वराक्षरांच्या तक्त्यात 'हे वापरा' आणि 'हे वापरू नका' असे दोन रकाने आहेत, आणि अ अधिक चंद्र ही जोडी दुसऱ्या रकान्यात आहे.

सूचीत केवळ हेच एक अक्षर बिघडलेले नव्हते. वाचनालयाच्या नोंदींचा जुना भाग एके काळी युनिकोडपूर्वीच्या आठ-बिटी मराठी फाँटात टंकलेला होता आणि नंतर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणलेला होता. त्या जुन्या फाँटांत आ हे अक्षर अ आणि काना असे दोन तुकडे जोडून काढले जाई. काही रूपांतरकांनी ते तुकडे तसेच पुढे सरकवले. त्यामुळे 'आठवणी'च्या जागी 'अाठवणी', 'ओळख'च्या जागी 'अोळख', आणि ऑ कोठे आ अधिक चंद्र, तर कोठे अ अधिक काना अधिक चंद्र असा तीन संकेतांचा, अशी सारी भेसळ तयार झाली होती.

निदान पक्के करण्यासाठी सर्वांत सोपी कसोटी बॅकस्पेसची आहे, आणि तिला कोणतेही साधन लागत नाही. संशयित अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून एकदाच बॅकस्पेस दाबावे. खरा ॲ असेल तर अख्खे अक्षर जाते. जोडी असेल तर फक्त चंद्र उडतो आणि अ मागे उरतो. ग्रंथपाल बाईंना हे एकदा करून दाखवल्यावर फाँटाचा विषय तेथेच मिटला. अधिक खात्री हवी असेल तर शब्द एका फाइलीत जतन करून हेक्सडंपमधून, म्हणजे फाइलीतील बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या साधनातून, पाहावा. ॲ हा यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांचा असतो, ई० ए५ बी२. जोडी सहा बाइटांची असते, ई० ए४ ८५ आणि त्यापुढे ई० ए५ ८५. डोळ्यांना जे सारखे दिसते ते येथे सरळसरळ दुप्पट लांबीचे निघते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण थोडीफार माहिती असलेल्या माणसाला तोच आधी सुचतो. युनिकोडचे सामान्यीकरण, म्हणजे समतुल्य रूपे एकाच रूपात आणण्याची प्रक्रिया, चालवले की असे सगळे भेद मिटतील, असे वाटते. ते तसे नाही. र आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) यांची जोडी सामान्यीकरणाने ऱ मध्ये मिळते, कारण त्या दोहोंची समतुल्यता मानकात नोंदलेली आहे. अ अधिक चंद्र आणि ॲ यांच्यात मात्र अशी समतुल्यता नाही. संगणकाच्या लेखी ते दोन संपूर्ण वेगळे शब्द आहेत आणि त्यांना एकत्र आणण्याचे काम माणसालाच नियम लिहून करावे लागते.

वर्तुळ ही लहान अडचण होती

दिसण्याचा प्रश्न सुटला नसता तरी लोकांनी चालवून घेतले असते. खरे नुकसान शोधात होत होते. संकेतस्थळावरचा शोध अक्षरास अक्षर जुळवून पाहणारा होता. सभासद फोनवर 'ॲड' असे शोधत, फोनचा कळफलक खरा ॲ देई, आणि सूचीत जोडी असल्यामुळे उत्तर येई ते 'पुस्तक उपलब्ध नाही'. पुस्तक समोरच्या कपाटात उभे असताना ते नसल्याचे सांगणारी सूची ही निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणारी आहे. अकारविल्हे यादीतही एकाच लेखकाची पुस्तके दोन ठिकाणी विखुरली होती, कारण काही नोंदी जुन्या हाताने झालेल्या होत्या आणि काही नव्या.

म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरवताना पडद्यावरच्या पानांपेक्षा मूळ नोंदींना प्राधान्य दिले गेले. सूचीची पाने लिबरऑफिसच्या तक्त्यावरून तयार होत असत. पाने दुरुस्त करून तक्ता तसाच ठेवला असता, तर पुढच्या वेळी पाने तयार होताच सगळा दोष परत आला असता. तक्ता यूटीएफ-८ मध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून बाहेर काढला, त्याची एक प्रत बाजूला ठेवली आणि मग बदल मजकुरात शोधून बदल करणाऱ्या सेड या आज्ञेने केले. सीएसव्ही परत आत घेताना एक गोष्ट सांभाळावी लागते: दाखलांकाच्या, म्हणजे पुस्तकाच्या नोंदणी क्रमांकाच्या, रकान्याचा प्रकार 'मजकूर' असा निवडला नाही, तर सुरुवातीची शून्ये गळून पडतात आणि ००४५२ चा ४५२ होतो. वाचनालयाच्या दृष्टीने हा दोष वर्तुळापेक्षा कितीतरी गंभीर ठरला असता.

सेडचे नियम टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) थेट टंकू नयेत, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. मिंटमध्ये मूळचे येणारे टर्मिनल देवनागरीची जुळणी नीट करत नाही. मात्रा सुट्या पडतात, कर्सर भलतीकडे दिसतो, आणि आपण अ अधिक काना लिहिला की खरा आ, हे समजेनासे होते. नियम मजकूर-संपादकात एका वेगळ्या फाइलीत लिहावेत, दर ओळीला एक, आणि सेडला ती फाइल द्यावी. आज्ञा चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रॅममध्ये संकेतांक लिहूनही अक्षरे देता येतात. डोळ्यांवर विसंबायचे नसेल तर तो मार्ग अधिक खात्रीचा आहे.

नियमांचा क्रमही महत्त्वाचा ठरला. आधी अ अधिक काना या जोडीचा आ करायचा आणि त्यानंतर आ अधिक चंद्र या जोडीचा ऑ करायचा. असे केले की तीन तुकड्यांचा ऑ आपोआप दुसऱ्या नियमाच्या हाती सापडतो. क्रम उलटा ठेवला तर तो पहिल्या नियमातून निसटतो, दुसऱ्यातून अर्धवट बदलून बाहेर पडतो, आणि सगळे एकदा चालवूनही दोष शिल्लक राहतो. त्यानंतर अ अधिक चंद्र याचा ॲ, आणि अ अधिक ओकार व औकार यांचे अनुक्रमे ओ आणि औ.

ज्यांना हात लावायचा नाही, ती यादीही तितकीच लक्षपूर्वक करावी लागली. 'अँड्रॉइड' किंवा 'अँटिक' यांत अ वर चंद्रबिंदू आहे. तो मात्रा नव्हे, हार्फबझ त्याला अडवत नाही आणि आपणही अडवू नये. हिंदी पुस्तकांच्या नोंदींत आलेला ऍ हा त्या भाषेच्या लेखनात बरोबर आहे, म्हणून ऍ चा ॲ करणारा नियम फक्त मराठी नोंदींवर चालवला. आणि जुन्या पुस्तकांच्या नावांत 'अितिहास', 'अेक' अशी रूपे निघाली. पहिल्या नजरेला तीही रूपांतरकाचीच करामत वाटली असती. परंतु सावरकरांनी पुरस्कारलेल्या लिपिसुधारणेत अ ची बाराखडी अशीच लिहिली जाते, आणि मुखपृष्ठावर छापलेले नाव सूचीत तसेच राहणे हा ग्रंथालयाचा साधा नियम आहे. हार्फबझलाही ही रूपे खटकत नाहीत, कारण अि दिसायला इ सारखा नसतो आणि अे दिसायला ए सारखा नसतो. फसगत होण्याचा संभवच नाही. मराठी नोंदींतील ऍ सोडला, तर ज्या अक्षरांवर वर्तुळ येते तीच बदलायची, ही मर्यादा त्यामुळे आयतीच आखून मिळाली.

बदल झाल्यावर जुनी आणि नवी सीएसव्ही गिट या आवृत्त्यांची तुलना करणाऱ्या साधनात शब्दशः ताडून पाहिली. येथे एक अनपेक्षित लाभ झाला. दोन लेखक म्हणून नोंदलेले गृहस्थ एकच असल्याचे काही ठिकाणी उघड झाले, आणि एकाच दाखलांकाच्या दोन नोंदीही सापडल्या. पहिली नोंद शोधात न आल्यामुळे कोणीतरी ती नव्याने केली होती.

हाताने लिहिलेल्या पानांवर, म्हणजे इतिहास, नियम, उपक्रम वगैरे, तेच नियम चालवताना दुवे आडवे आले. काही पानांच्या फाइलींच्या नावांतच जोडीचा अॅ होता. सेडने पानाच्या आतील दुवा बदलला, पण फाइलीचे नाव जसेच्या तसे राहिले, तर दुवा तुटतो. नुसते नाव बदलले, तर बाहेरून आलेले जुने पत्ते तुटतात. नव्या पानांना रोमी अक्षरांत साधी नावे दिली आणि जुन्या नावांच्या जागी वाचकाला नव्या पानाकडे नेणारी छोटी पाने ठेवली. देवनागरीत पत्ते देणे मनाला सुखावते हे खरे. पण तोच पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होऊन पोचतो, आणि त्या माळेत कोणता ॲ आहे हे ओळखणे कोणालाच शक्य नसते.

दुरुस्तीनंतरचा दोष

एवढे झाल्यावर शीर्षकांतील ॲ बाकीच्या अक्षरांहून बारीक आणि वेगळ्या वळणाचा दिसू लागला. या वेळी मात्र ग्रंथपाल बाईंचे मूळचे निदान लागू पडत होते. संकेतस्थळाच्या शीर्षकांसाठी वापरलेला वेब-फाँट इतका जुना होता की त्यात यू+०९७२ हे अक्षरच नव्हते, त्यामुळे ब्राउझर तेवढे एक अक्षर दुसऱ्या फाँटातून उसने आणत होता. लिनक्सवर ही तपासणी एका ओळीत होते: एफसी-लिस्ट या आज्ञेला कॅरसेट म्हणून ९७२ हा अंक दिला की ते अक्षर असलेल्या, संगणकावर बसवलेल्या फाँटांचीच यादी मिळते. वेब-फाँटाची फाइल तपासायची असेल तर ती आधी तात्पुरती बसवून घ्यावी. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त परवान्याचा मुक्ता हा फाँट शीर्षकांसाठी निवडला आणि प्रश्न मिटला. त्याच बैठकीत पानांच्या सुरुवातीला भाषा 'एमआर' (मराठीची संकेतखूण) अशी जाहीर केली. हे बहुतेक मराठी संकेतस्थळांवर राहून जाते. वास्तविक नोटोसारख्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श असतात, पण ब्राउझरला भाषा कळल्याशिवाय तो ते वापरत नाही आणि वाचकाला हिंदी वळणाची अक्षरे मिळतात.

उरला तो नव्या नोंदींचा प्रश्न. मिंटवर आयबस या टंकलेखन-व्यवस्थेच्या एम१७एन या जोडणीतून मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स, मिंग्लिश आणि गमभन असे बरेच पर्याय मिळतात. कोणता चांगला, हा वाद आवडीचा आहे आणि त्यात पडण्याचे कारण नव्हते. कार्यालयातील प्रत्येकाने आपल्या सवयीचा पर्याय निवडला, त्यात 'ॲड' टंकला आणि बॅकस्पेसची कसोटी घेतली. ज्यांच्या हातून जोडीच येत होती त्यांना त्या पर्यायाच्या तक्त्यातील ॲ ची स्वतंत्र कळ दाखवली. अगदीच अडले तर कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबून इंग्रजी आकड्यांत ०९७२ लिहून एंटर दाबले की आयबस चालू असताना खरा ॲ उमटतो; रोजच्या कामासाठी हा मार्ग नव्हे, पण एखादा शब्द दुरुस्त करायला पुरतो.

सवयी सगळ्यांच्या एकदम बदलत नाहीत, आणि सभासद आपापल्या साधनांवरून काय टंकतील यावर कोणाचाच ताबा नाही. म्हणून शोधाच्या चौकटीत आलेला मजकूर सूचीशी जुळवण्याआधी त्याच नियमांतून जाईल, अशी चार ओळींची जावास्क्रिप्ट घातली. 'अॅड' शोधा किंवा 'ॲड', आता उत्तर एकच येते. पुस्तक-मागणीच्या अर्जालाही तेच नियम लावले. पाने प्रकाशित करणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेची एक तपासणी जोडली आहे. चुकीची जोडी कोठेही सापडली, तर ती फाइलीचे नाव आणि ओळीचा क्रमांक दाखवून तेथेच थांबते आणि काहीही प्रकाशित होऊ देत नाही. जुने वार्षिक अहवाल पीडीएफ स्वरूपात आहेत, त्यांच्यातला मजकूर बदलण्याच्या खटाटोपात कोणी पडले नाही. त्यांची शीर्षके तेवढी सूचीत नव्याने टंकून घेतली आहेत.